मराठी आरमाराचे सुकाणू

आरमाराचा इतिहास लिहिताना आपले लेखक जलदुर्गांचे तट वर्णन करतात, तोफांची गणना देतात, सुभेदारांच्या आणि सरखेलांच्या वंशावळी लावतात. परंतु ज्याच्या दोन हातांवर जहाजाची दिशा, आणि म्हणून जहाजावरच्या प्रत्येक माणसाचा जीव, क्षणोक्षणी अवलंबून असे, त्या सुकाण्याची आणि त्याला हुकूम देणाऱ्या तांडेलाची विचारपूस करण्याचे श्रम फारसे कोणी घेतलेले नाहीत. ह्याचा सर्व दोष लेखकांच्या माथी मारणेही न्यायाचे होणार नाही. दप्तरांत सनदा सापडतात त्या देशमुख-देशपांड्यांच्या, इनामपत्रे सापडतात ती देवस्थानांची आणि सरदारांची. सुकाण्याला वतन नव्हते आणि ज्याला वतन नाही त्याचा तंटा नाही, ज्याचा तंटा नाही त्याचा महजर नाही, आणि महजर नाही म्हणून त्याचे नावही नाही. तथापि १६५७ पासून १७५६ पर्यंतच्या शंभर वर्षांत मराठी आरमाराचा जो उदय, उत्कर्ष आणि अस्त झाला, तो ह्या निनावी माणसाच्या बाजूने वाचला, तर त्यातील पुष्कळ गोष्टींचा उलगडा तोफांच्या गणनेपेक्षा अधिक सरळपणे होतो, असे दाखवण्याचा ह्या लेखाचा हेतू आहे.

जहाज चालवणे हे एका माणसाचे काम नव्हे, ही गोष्ट प्रथम ध्यानी घेतली पाहिजे. अबुल फजलाने ‘आइने अकबरी’त बादशाही बंदरांचा बंदोबस्त सांगताना जहाजावरील कामगारांची जी यादी दिली आहे, ती ह्या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे. सर्वांत वर नाखुदा, म्हणजे जहाजाचा धनी किंवा धन्याचा मुखत्यार; त्याच्याखाली मालीम, ज्याला समुद्रातील खोल आणि उथळ जागांची माहिती आणि ग्रहताऱ्यांचे ज्ञान असावे लागे, कारण जहाज मुक्कामाला सुखरूप नेण्याची जोखीम त्याच्यावर असे; मग खलाशांचा म्होरक्या तांडेल; मग सारंग, कोठीचा भंडारी, हिशेबाचा कराणी; डोलकाठीच्या शेंड्यावर बसून जमीन, परके जहाज किंवा येणारे वादळ दिसताच आरोळी देणारा पंजरी; आणि मालिमाच्या हुकुमाप्रमाणे सुकाणू फिरवणारा सुकाणी. मोठ्या जहाजावर असे अनेक सुकाणी असत, पण विसांहून अधिक नसत, असेही तो सांगतो. सातगावच्या बंदरातील मुशाहिरेही त्याने नोंदले आहेत: नाखुद्याला ४०० रुपये, मालिमाला २००, तांडेलाला १२०, आणि सुकाण्याला १५. दिशा ठरवणाऱ्याला दोनशे आणि ती दिशा प्रत्यक्ष राखणाऱ्याला पंधरा, ही जी तफावत ह्या यादीत दिसते, तिच्यामागे एक विचार आहे. खुल्या महासागरावर बुद्धी मालिमाची आणि बळ सुकाण्याचे, अशी कामाची वाटणी करता येत असे. दिवसचे दिवस एकच दिशा धरून चालायचे असल्यामुळे सुकाण्याने स्वतः निर्णय घेण्याचे प्रसंग थोडे येत.

कोकणच्या किनाऱ्यावर ही वाटणी टिकत नाही. वसईपासून कारवारपर्यंतचा हा किनारा खाड्यांनी चिरलेला, खडकांनी काटेरी केलेला आणि दर खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा घालून बसलेला आहे. भरतीला जेथून गुराब निघून जाते, तेथे ओहोटीला मचवाही टेकतो. उधाणाच्या पाण्यात जी वाट मोकळी असते, ती भांगाच्या पाण्यात बंद होते. पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, दुपार झाली की समुद्राकडून जमिनीकडे येतो. आणि माघ-फाल्गुनापासून वायव्येचा जोर वाढला, म्हणजे उत्तरेकडे जाणाऱ्या गलबताला एका बंदरातून पुढच्या बंदरात पोचणेही दुर्घट होऊन बसते. अशा पाण्यात मालिमाला विचारून मग सुकाणू वळवण्याइतकी सवड मिळत नाही. येथे तांडेलाच्या ठायी मालिमाचे ज्ञान आणि सुकाण्याच्या ठायी तांडेलाची सावधगिरी असावी लागते. ते ज्ञान ग्रंथातले नव्हते. अमुक डोंगराची सोंड अमुक देवळाच्या शिखराआड गेली म्हणजे डाव्या हाताला खडप आहे, पाण्याचा रंग हिरव्यावरून मळकट झाला म्हणजे खाली वाळू आली, दोर सोडून वाव मोजता तळाला चिखल लागला म्हणजे खाडीचे मुख जवळ आले, ह्या प्रकारच्या शेकडो खुणा कोळी, भंडारी, गाबीत, खारवी आणि दालदी ह्या जातींतील मुले बापाच्या होडीत बसून शिकत, आणि म्हातारपणी आपल्या मुलांना शिकवून मरत.

हा किनारा कागदावर उतरवण्याचा उद्योग पहिल्याने परक्याने केला. पुढे पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर झालेला दों जुआंव द काश्त्रु १५३८-३९ च्या हिवाळ्यात गोव्याहून दीवला जाणाऱ्या आरमाराबरोबर निघाला, तेव्हा वाटेतल्या बंदरांची खोली मोजीत, खडक टिपीत आणि दाभोळ-चौलसारख्या ठिकाणांची चित्रे काढीत तो गेला. त्याने लिहिलेली ही मार्गदर्शिका म्हणजे आमच्या तांडेलांच्या तोंडी असलेल्या विद्येची पहिली लेखी नक्कल होय, असे म्हटले तरी चालेल. त्या वेळी आमच्या बाजूला कोणाला त्याचे महत्त्व वाटले नाही, आणि वाटण्याचे कारणही नव्हते. कारण जो रोज ह्या पाण्यात वावरतो त्याला कागदाची गरज काय? तथापि घरच्या माणसाला जे पाठ आहे ते परक्याने लिहून नेले, ही गोष्ट वाचकांनी मनात ठेवावी.

१६५७ च्या ऑक्टोबरात कल्याण आणि भिवंडी शिवाजी महाराजांच्या हाती आली आणि मराठी राज्याचा पाय प्रथमच खाऱ्या पाण्यात पडला. दोनच वर्षांत तेथे लढाऊ गलबते बांधली जात आहेत, अशी खबर पोर्तुगीज गव्हर्नराने आपल्या राजाला कळवली. ह्या कामावर महाराजांनी रुय लैतांव व्हियेगश नावाच्या पोर्तुगीजाला, त्याच्या मुलासह आणि सुमारे ३४० माणसांसह चाकरीस ठेवले होते. जंजिऱ्याच्या सिद्दीवर चालवण्यासाठी म्हणून बांधली जाणारी ही गलबते उद्या आपल्यावरच येतील, हे वसईच्या कप्तानाच्या ध्यानी येताच त्याने ह्या मंडळींना फितवले, आणि ती सारी एके दिवशी काम टाकून आपल्या मुलुखात निघून गेली. ह्या प्रसंगाने राज्यकर्त्यांना जो धडा मिळाला तो असा की, लाकूड, लोखंड आणि तोफा परक्याकडून विकत घेता येतील, परंतु सुकाणू धरणारा हात आपल्या मुलुखातलाच असला पाहिजे. त्यानंतर गोलंदाज म्हणून परकीय माणसे मराठी आरमारात पुष्कळ आली. सुकाणू आणि वल्ही मात्र किनाऱ्यावरच्या लोकांच्याच हाती राहिली. बखरकार सभासदाने आरमाराचे दोन सुभे सांगितले आहेत, एक दर्यासारंगाचा आणि दुसरा मायनाक भंडाऱ्याचा. एक मुसलमान आणि एक भंडारी असे हे दोन सुभेदार नेमण्यामागे किनाऱ्यावरच्या दोन्ही समाजांतील दर्यावर्दी राज्याच्या पदरी बांधून घेण्याचा हेतू असावा, असे अनुमान सहज निघते.

नव्या आरमाराची पहिली मोठी सफर १६६५ च्या फेब्रुवारीत झाली. मालवणच्या बंदरातून ८५ गलबते आणि ३ मोठी जहाजे घेऊन महाराज स्वतः निघाले, गोव्यावरून सरळ दक्षिणेस उतरून बसरूरवर अकस्मात पडले, अपार लूट मिळवून गोकर्णाला आले आणि तेथून कारवारच्या बाजूस वळले. जाताना उत्तरेकडचा वारा पाठीशी होता, म्हणून बातमीच्या आधी आरमार पोचले. परतताना मात्र तोच वायव्येचा वारा तोंडावर आला आणि आरमाराला वाटेत पुष्कळ दिवस अडकून पडावे लागले, असे ग्रँट डफने नमूद केले आहे. स्वारीचा बेत आखणारा कितीही थोर असला तरी समुद्रावर अखेरचा शब्द वाऱ्याचा असतो, हे राज्यकर्त्यांना ह्या सफरीत प्रत्यक्ष अनुभवावे लागले. महाराज ह्यानंतर स्वतः आरमाराबरोबर मोहिमेवर गेल्याचे दिसत नाही. परंतु वाऱ्याच्या ह्या धड्याचा निष्कर्ष पुढे पन्नास वर्षांनी रामचंद्रपंत अमात्यांच्या लेखणीतून उतरला, त्याचा विचार ओघाने येईल.

सुकाण्यांचे खरे युद्ध झाले ते खांदेरीला. मुंबईच्या दक्षिणेस सुमारे ११ मैलांवर असलेले हे ओसाड बेट १६७९ च्या ऑगस्टात मायनाक भंडाऱ्याने दीडशे माणसे आणि चार लहान तोफा घेऊन ताब्यात घेतले आणि तेथे तटबंदीस आरंभ केला. मुंबई बंदराच्या तोंडाशी मराठ्यांचा किल्ला उभा राहिला, तर आपल्या प्रत्येक जहाजावर त्यांची नजर राहील, हे जाणून इंग्रजांनी बेटाला गलबतांचा वेढा घातला. बेटावर पाणी थोडे, धान्य मुळीच नाही, चुना आणि दगड सारे किनाऱ्यावरून यायचे; तेव्हा तळकिनाऱ्याचा आणि बेटाचा संबंध तोडला की काम फत्ते होईल, असा त्यांचा हिशेब होता. कागदावर हा हिशेब बिनचूक होता. परंतु त्यांची जहाजे खोल पाण्याची, वाऱ्याशिवाय जागची न हलणारी. आणि त्यांच्याशी गाठ होती ती वल्ह्यांनी चालणाऱ्या, गुडघाभर पाण्यातून निघून जाणाऱ्या मराठी होड्यांशी.

रात्री वारा पडला म्हणजे ह्या होड्या किनाऱ्याच्या सावलीतून निघत. दिवा नाही, आरोळी नाही, शीड उतरवलेले. तांडेल नाळेपाशी बसून समोरचा काळोख निरखीत आहे आणि सुकाणी त्याच्या हाताच्या इशाऱ्यावर होडी खडपांच्या मधून काढीत आहे, असा हा प्रवास असे. इंग्रजी जहाजाने चाहूल लागून नांगर उचलावा, तोपर्यंत होडी बेटाच्या आश्रयाला पोचलेली असे; आणि पाठलाग केलाच तर ज्या उथळ वाटेने ती गेली त्या वाटेवर मोठे जहाज तळाला लागण्याचे भय. १९ सप्टेंबरला थॉर्प नावाचा त्यांचा लेफ्टनंट बेटावर उतरण्याच्या धडपडीत मारला गेला. मग ‘रिव्हेंज’ हे मोठे जहाज देऊन मिंचिन आणि केग्विन ह्या कप्तानांना पाठवण्यात आले. १८ ऑक्टोबरला दिवस उगवताच चौलच्या उत्तरेकडील किनाऱ्याकडून मराठी आरमाराचा सरदार दौलतखान ह्याची पन्नास-साठ गलबते अशा वेगाने चालून आली की, इंग्रजांना नांगर उचलण्यापुरताच काय तो अवकाश मिळाला. हल्ल्याची वेळ पाहण्यासारखी आहे. त्या प्रहरी ह्या किनाऱ्यावर वारा जमिनीकडून वाहतो, म्हणजे तो मराठी गलबतांच्या पाठीशी आणि इंग्रजांच्या छातीवर येतो. शिवाय हलकी गलबते वल्ह्यांवरही चालत होती. ही वेळ ठरवणाऱ्याला किनाऱ्याच्या वाऱ्याचे वेळापत्रक पाठ होते, ह्यात मला शंका वाटत नाही. ‘डव्ह’ नावाच्या इंग्रजी गुराबेने निशाण उतरवले; बाकीची जहाजे दूर राहिली; एकट्या ‘रिव्हेंज’ने निकराने तोफा चालवून मराठ्यांना मागे रेटले आणि ती गलबते खाडीच्या उथळ मुखात शिरली, जेथे ‘रिव्हेंज’ला जाता येईना.

इंग्रजांनी त्या दिवसाला आपला विजय म्हटले आहे, आणि तोफांची लढाई एवढेच पाहिले तर ते खोटेही नाही. परंतु बेटावर धान्य, चुना, दारूगोळा पोचतच राहिला. ह्या चपळ होड्यांना आपली जहाजे अडवू शकत नाहीत, अशी कबुली इंग्रजांच्याच पत्रांत येऊ लागली. आणि १६८० च्या आरंभी वेढा आवरता घेऊन त्यांनी तहाची बोलणी लावली. सिद्दी कासमाने शेजारचे उंदेरी बेट बळकावून त्याची थोडीशी भरपाई केली, पण खांदेरी मराठ्यांकडे राहिली. हा विजय मायनाक भंडाऱ्याच्या आणि दौलतखानाच्या नावावर जमा आहे, आणि तो त्यांचा आहेच; तरी रात्रीमागून रात्री तळकिनारा आणि बेट ह्यांमधले ते काळे पाणी कापणाऱ्या तांडेलांपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही.

एक नाव मात्र बखरींच्या परंपरेने राखले आहे. मोरोपंत पेशव्यांनी जंजिऱ्यावर मोहीम केली तेव्हा लाय पाटील नावाच्या कोळ्याने रात्रीच्या अंधारात सिद्दीच्या तटाला शिड्या लावून दिल्या. पंतांची माणसे वेळेवर आली नाहीत, उजाडू लागले, आणि शिड्या काढून घेऊन त्याला परतावे लागले. महाराजांनी ही मर्दुमकी ऐकून त्याला पालखी देऊ केली, तेव्हा आम्हा दर्यावर फिरणारांना पालखी काय करायची, असे नम्रपणे सांगून त्याने ती नाकारली. मग महाराजांनी एक गलबत बांधवून त्याचे नावच ‘पालखी’ ठेवले आणि ते त्याला बहाल केले, अशी ही कथा आहे. कथेतील तपशिलाचा खरेखोटेपणा इतिहाससंशोधकांनी ठरवावा. पण जंजिऱ्याच्या तटाखाली, पहाऱ्यांच्या कानांवर न जाता, लाटांत हेलकावणारी होडी रात्रभर जागच्या जागी धरून ठेवणे हे कोणत्या प्रतीचे नाविक कौशल्य होय, हे ज्याने त्या तटाशी आदळणारे पाणी पाहिले आहे त्याला सांगावे लागणार नाही.

ह्या लोकांना राज्याने कसे वागवले, ह्याचीही साक्ष मिळते. १६७५ च्या जानेवारीत प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक ह्याने आरमाराच्या खर्चाची रक्कम आणि धान्य वेळेवर पोचवले नाही, तेव्हा महाराजांनी त्याला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. सिद्दीकडून काही मिळाले म्हणून तुम्ही हे केले असले पाहिजे, आणि ब्राह्मण म्हणून तुमचा मुलाहिजा केला जाणार नाही, अशा आशयाची त्यातील भाषा जळजळीत आहे. एवढा संताप होण्याचे कारण उघड आहे. पायदळाची बेगमी चुकली तर शिपाई मुलुखातून काहीतरी मिळवतो. गलबतावरच्या माणसाची बेगमी चुकली तर त्याच्यापुढे उपास किंवा सुकाणू फिरवून घरची वाट धरणे, हे दोनच मार्ग उरतात. अमात्यांनी ‘आज्ञापत्रा’त, म्हणजे १७१५ च्या सुमारास, आरमारावर स्वतंत्र प्रकरण लिहिले, त्यात ह्या अनुभवाचे सार उतरले आहे. आरमाराची नेमणूक मुलुखाच्या वसुलातून करावी, बंदराच्या उत्पन्नावर टाकू नये, कारण तसे केल्यास सावकारांना उपसर्ग पोचून व्यापार बुडेल, हे त्यातील एक कलम. पाच गुराबा आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा करावा, हे दुसरे. जहाज फार थोर बांधू नये, कारण थोर जहाज वाऱ्यावाचून निरुपयोगी, हे तिसरे. लढाईविषयीची सूचना तर प्रत्यक्ष तांडेलाच्या तोंडून निघाल्यासारखी आहे. वारा अनुकूल नसता शत्रूवर जाऊ नये, गलबत वाऱ्याच्या कैचीत सापडू देऊ नये, निभाव न लागे असे दिसल्यास आपल्या किल्ल्याचा आश्रय धरावा, आणि शत्रूने कौल मागितला तरी एकदम त्याच्या जवळ जाऊ नये, दगा होतो. जमिनीवरच्या मुत्सद्द्याने समुद्रावरच्या माणसाचे इतके मनापासून ऐकून घेतल्याचे उदाहरण आपल्या राजनीतीच्या वाङ्मयात दुसरे दाखवणे कठीण आहे.

आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे ह्यांच्या काळी ही विद्या परमोत्कर्षास पोचली. रॉबर्ट ऑर्म ह्या इंग्रज इतिहासकाराने आंग्र्यांच्या जहाजांचे आणि त्यांच्या लढण्याच्या रीतीचे जे वर्णन केले आहे, ते बारकाईने वाचले असता गुराबेवर सुकाण्याचे स्थान काय होते हे स्पष्ट होते. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची. दोन डोलकाठ्यांची दीडशे टनांची, तीन डोलकाठ्यांची तीनशे टनांपर्यंत. तळ उथळ, रुंदी लांबीच्या मानाने मोठी, आणि नाळ पुढे निमुळती होऊन चोचीसारखी लांबलेली. समोरून लाट आली की ही चोच पाण्यात बुडे. म्हणून तिच्यावर कठडा ठेवीत नसत, पाणी वरून वाहून जावे अशी ती मोकळी असे. मुख्य तोफा दोन, नऊ किंवा बारा रतली गोळ्याच्या, आणि त्यांची तोंडे ह्या चोचीवरून सरळ पुढे रोखलेली. बरोबरची गलबते सत्तर टनांच्या आतली, मुख्य डोलकाठीवर एकच प्रचंड तिकोनी शीड असलेली, आणि चाळीस-पन्नास वल्ह्यांनी ताशी चार मैल जाणारी. वारा नसला म्हणजे हीच गलबते गुराबेला दोर बांधून ओढीत नेत.

युरोपीय जहाजाच्या तोफा बाजूंना असत, म्हणून मोठी लढाई ते कूस वळवून करी. गुराबेने हे बळ तोडण्याची युक्ती अशी काढली की, शत्रूच्या जहाजाच्या पाठीमागे यायचे, जेथे त्याच्या बाजूच्या तोफा पोचत नाहीत, आणि तेथून नाळेवरच्या दोन तोफांनी त्याच्या डोलकाठ्यांवर मारा करायचा. हा मारा वाटेल तेव्हा करीत नसत. शत्रूच्या तिन्ही डोलकाठ्या मागून पाहता एका रेषेत आल्या, की तो क्षण साधून बत्ती देत. म्हणजे पहिल्या डोलकाठीवरून नेम चुकला तरी दुसरी किंवा तिसरी सापडे. आता ह्या एका वाक्यातील काम कोणाचे, ते पाहावे. तोफ नाळेला जखडलेली. तिला डावी-उजवी फिरवण्याची सोय नाही. तेव्हा नेम धरायचा तो जहाजाने, म्हणजेच सुकाण्याने. पळणारे जहाज एकसारखे वळणे घेत आहे, मधली लाट गुराबेची चोच वर-खाली करीत आहे, आणि मागच्या बाजूला सुकाणूशी उभ्या असलेल्या माणसाला तीनशे टनांचे लाकूड अशा रेषेवर आणून ठेवायचे आहे की, समोरच्या तीन काठ्यांची एक काठी दिसावी. बत्ती देणारा हात गोलंदाजाचा असला तरी नेम सुकाण्याचा होता. डोलकाठ्या पडून जहाज पांगळे झाले की गुराबा जवळ येऊन चोहोबाजूंनी मारा करीत, आणि तरीही ते वाकले नाही तर माणसांनी खच्चून भरलेली गलबते एकाच वेळी सर्व अंगांनी भिडून तलवारीचे काम होई. ह्या पद्धतीपुढे मुंबईकर इंग्रजांचे बेत वारंवार फसले. १७१८ साली खांदेरीवर, १७२० साली विजयदुर्गावर, आणि १७२१ च्या अखेरीस पोर्तुगीजांना बरोबर घेऊन कुलाब्यावर त्यांनी केलेल्या स्वाऱ्या निष्फळ झाल्या, आणि ४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले तेव्हा कोकणच्या पाण्यात त्यांच्या दस्तकावाचून फिरणे हे व्यापाऱ्याच्या जोखमीचे काम होते.

असे असता केवळ सत्तावीस वर्षांनी हे आरमार नाहीसे कसे झाले? पेशवे आणि आंग्रे ह्यांच्यातील वितुष्ट हे त्याचे राजकीय कारण सर्वश्रुत आहे आणि त्याची चर्चा येथे पुन्हा करण्याचे प्रयोजन नाही. सुकाण्याच्या बाजूने पाहिले तर एक वेगळे कारण दिसते. १७५५ च्या एप्रिलात सुवर्णदुर्ग घेतल्यावर कमोडोर विल्यम जेम्स हा वर्षाच्या अखेरीस विजयदुर्गाची टेहळणी करण्यास आला. त्या किल्ल्याविषयी मुंबईत फार मोठा दरारा होता. मोठी जहाजे तटापाशी येऊच शकणार नाहीत, अशी समजूत होती. जेम्सने रात्रीच्या वेळी होडी घालून बंदरातील पाण्याची खोली जागोजाग मोजली, आणि लढाऊ जहाजांना किल्ल्याच्या अगदी जवळ नांगरण्याइतके पाणी आहे, असा लेखी अहवाल दिला. वाघोटणच्या खाडीतील जे पाणी आंग्र्यांच्या तांडेलांना आपल्या अंगणासारखे ठाऊक होते, ते अशा रीतीने शत्रूच्या कागदावर गेले. काश्त्रूच्या वेळी परक्याने टिपणे नेली ती प्रवासासाठी होती. ही नेली ती तोफांसाठी. आंग्र्यांची सारी सुरक्षितता ज्या एका गोष्टीवर उभी होती, ती म्हणजे हे पाणी आपल्याला ठाऊक आहे आणि शत्रूला नाही. तेवढीच गोष्ट त्या अहवालाने संपवली.

१२ फेब्रुवारी १७५६ रोजी ॲडमिरल वॉट्सनची जहाजे वाऱ्याबरोबर सरळ आत शिरली आणि तटासमोर नांगर टाकून त्यांनी गोळाफेक सुरू केली. विजयदुर्गाचा धनी तुळाजी आंग्रे पेशव्यांच्या छावणीत गेलेला होता. त्याचे आरमार किल्ल्याच्या आश्रयाला एकमेकांस लागून बांधून ठेवलेले होते. इंग्रजांकडूनच पूर्वी हस्तगत केलेल्या ‘रिस्टोरेशन’ ह्या जहाजावर एक गोळा पडून आग लागली, ती लगतच्या गुराबांना धरली, आणि काही तासांत आंग्र्यांचे आरमार जळून गेले. ज्या आरमाराने शंभर वर्षे आपला बचाव चपळाईने केला, ते नांगराला बांधलेले असताना जळाले. सुकाण्यांना सुकाणू हाती घेण्याची संधीच मिळाली नाही. निभाव न लागे तर किल्ल्याचा आश्रय धरावा, ह्या अमात्यांच्या सूचनेत किल्ल्याखालचे पाणी शत्रूला अज्ञात आहे हे गृहीत होते. ते गृहीत नाहीसे झाल्यावर आश्रयाची जागा हीच सापळा ठरली.

विद्या मात्र त्या आगीत जळाली नाही. विजयदुर्गाचे आरमार पुढे पेशव्यांच्या वतीने आनंदराव धुळपांनी सांभाळले, आणि १७८३ च्या एप्रिलात त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचे ‘रेंजर’ हे जहाज कर्नल मॅक्लाउड आणि त्याच्याबरोबरच्या अधिकाऱ्यांसह तासन् तास झुंजून धरले, तेव्हा ही जुनी रीत अजून जिवंत आहे हे मुंबईकरांना कळून चुकले. १८१८ नंतर राज्यच राहिले नाही. आरमाराचे चाकर रिकामे झाले. त्यांचे पुत्र-पौत्र कंपनीच्या आणि पुढे आगबोटींच्या चाकरीत शिरले, आणि सारंग, तांडेल, सुकाणी ही त्यांची पदे तेथेही तशीच चालू राहिली. रत्नागिरी जिल्ह्यातील खेडोपाडीचे लोक लंडनपर्यंतच्या जहाजांवर सुकाणू धरू लागले; फरक इतकाच की दिशा सांगणारा आता दुसरा होता, आणि आइने अकबरीतील दोनशे आणि पंधरा रुपयांची ती तफावत त्यांच्या नशिबी कायमची आली.

ह्या सर्व इतिहासाचा निर्णय करायचा झाल्यास तो असा करावा लागेल की, मराठी राज्याला सुकाणी उत्तम मिळाले, त्यांचे ऐकून घेणारे राज्यकर्तेही काही काळ मिळाले, परंतु त्यांच्या विद्येला लेखणी मिळाली नाही. महसुलाचा एक-एक रुका दप्तरात उतरवणाऱ्या राज्यात एकाही खाडीचा नकाशा तांडेलाला शेजारी बसवून काढण्याचे कोणाला सुचले नाही. किनाऱ्यापलीकडच्या समुद्रात जहाज नेणारे मालीम तयार करण्याची शाळा तर दूरच राहिली. लेखी विद्या एका पिढीची दुसरीला मिळते आणि वाढते. तोंडी विद्या फार तर जशीच्या तशी टिकते. परक्यांची वाढत गेली, आमची टिकून राहिली, आणि एवढ्या भेदाने समुद्राचे धनीपण बदलले.

इतिहासाच्या अभ्यासकांना म्हणून माझी विनंती आहे. आंग्रे आणि धुळप घराण्यांचे जे कागद आज उपलब्ध आहेत, त्यांतील तह आणि पत्रव्यवहार छापून झाला की आरमाराच्या जमाखर्चाकडे वळावे, आणि त्यात तांडेलांच्या नि सुकाण्यांच्या मुशाहिऱ्याची जी कलमे असतील ती नावानिशी वेगळी काढून प्रसिद्ध करावीत. हर्णै, जयगड, विजयदुर्ग, मालवण ह्या बंदरांत शिडाच्या गलबतांवर आयुष्य काढलेली वृद्ध माणसे जोवर आहेत, तोवर त्यांना ठाऊक असलेल्या खुणा, वाटा आणि वाऱ्यांची नावे त्यांच्याजवळ बसून लिहून घ्यावीत. हे काम दोनशे वर्षांपूर्वी व्हावयास हवे होते. अजूनही ते करण्यासारखे आहे.